आंब्यात आलेली तारीख

शेडमध्ये पेंढा पसरला आणि त्याचा तो उबट, गोडसर वास सुटला, की हल्ली माझी मान आपोआप खाली जाते. गडी काही विचारायला येतात. मी पेंढा सारखा करत असल्यासारखं दाखवतो. हे गेल्या वर्षापासूनचं. त्याआधी याच वासाने माझ्या अंगात जोर यायचा. हंगाम आला, आता चार माणसांशी भांडायचं, दलालाला फोनवर घाम फोडायचा, बागवाल्याला शब्दात धरायचं. मी आंब्याचा व्यापारी. लोकांच्या बागा कराराने घेतो, राखतो, काढतो, मुंबई-पुण्याला पाठवतो. दोन कलमांपासून सुरुवात केली, तीही दुसऱ्याची. कुणी हात दिला नाही. त्यामुळे पहिल्या दराला हो म्हणायची सवय मला कधीच लागली नाही. घासाघीस केल्याशिवाय मी डॉक्टरच्या गोळ्यासुद्धा घेत नाही, असं बायको म्हणते. हसून म्हणते, पण म्हणते.

आमचे बावा, म्हणजे वडील, याच वासात गेले. ईद होऊन दोन आठवडे उलटले होते. घर केवढं, तर दोन खोल्या. एका खोलीत पेंढ्यात आंब्याची आढी घातलेली, दुसरीत बावा. मगरिबची, म्हणजे दिवस बुडतानाची, अजान झाली आणि थोड्या वेळाने ते गेले. माणसं येत होती, ओट्यावर चपलांचा ढीग वाढत होता, आणि आत पिकत्या हापूसचा वास असा भरला होता की रडायला तोंड उघडलं तरी तोच आत जायचा. बावा आयुष्यभर दुसऱ्यांच्या बागेत राबले. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, आंबा उतरवताना देठाच्या डेखाला धक्का लागू न देणारा त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. देठाजवळ नाक नेऊन सांगायचे, हा परवा होईल, हा तेरवा. त्या रात्री मला वाटलं, मी जिवंत असेपर्यंत हा वास म्हणजे बावा. तारखेची गरजच काय?

तारखेची गरज बुबूला होती. बुबू म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्यात थोरल्या बहिणीला बुबू म्हणतात. जयगडला दिलेली. तिने त्या रात्रीच मनात नोंद करून टाकली, शव्वालची चौदावी. रमजाननंतरचा महिना शव्वाल, आणि त्याच्या चौदाव्या रात्री बावा गेले. तीच त्यांची तारीख. दरवर्षी त्या तारखेला त्यांच्या नावाने फातेहा द्यायचा, म्हणजे ताट ठेवून दुआ पढायची, चार माणसं जेवू घालायची.

आता ज्यांना आमचं कॅलेंडर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं वर्ष चंद्राचं. बारा चाँद झाले की वर्ष संपलं. सूर्याच्या वर्षापेक्षा ते दहा-अकरा दिवसांनी लहान. म्हणून रमजान, ईद, बकरी ईद, सगळं दरसाल तेवढं अलीकडे सरकतं. हिंदूंचे महिनेही चंद्राचेच, पण ते सरकायला लागले की अधिक महिना घालून त्यांना जाग्यावर आणतात. आमच्या पेट्या ठोकणारा बाळू सुतार त्यावर मला नेहमी चिडवायचा. "सलीमशेठ, तुमचा चाँद मोकाट. आमच्याला दर तीन वर्सांनी दावं लावतो आमी."

मी म्हणायचो, "मोकाट गुरूच सगळा डोंगर फिरतं, बाळू. दाव्याचं खुंट्याभोवतीच."

बोलायला सोपं होतं. पण बावांची तारीख सरकायला लागली तेव्हा मला ते सहन झालं नाही. पहिली एक-दोन वर्षं ती आंब्यातच होती. मग ती मागे निघाली. पिकलेल्या फळावरून कैरीवर आली. कैरीवरून कणीवर, वाटाण्याएवढ्या. मग मोहोरावर. हंगाम जसा जातो त्याच्या बरोबर उलटी. जसं काही पिकलेला आंबा परत हिरवा होतोय, लहान होतोय, फुलात शिरतोय, फूल फांदीत शिरतंय. पुढे ती थंडीत गेली, भात झोडपून पेंढ्याच्या उडव्या रचल्या त्या दिवसांत. मग दिवाळीत, मग गणपतीत, मग भर पावसात, जेव्हा कलमं नुसती काळी होऊन पाणी गाळत उभी असतात आणि आंबा हा शब्द कुणी उच्चारत नाही.

ती मोहोरात होती त्या वर्षी आमचं भांडण झालं. मी तेव्हा नुकताच स्वतःच्या जिवावर उभा राहत होतो. मनात होतं, बावांचा फातेहा मोठा करायचा, भर हंगामात, ताटात ताटभर हापूस ठेवून. मी जयगडला गेलो आणि सरळ सौद्याला बसलो. म्हटलं, "बुबू, एप्रिलात करूया. तेव्हाच गेले ना ते? सगळ्यांना आठवतंय तेव्हाच."

"तारीख शव्वालची हाय," ती म्हणाली. भाकरी थापत होती, हात थांबवला नाही.

"दोन महिने पुढं घे. बावांना कळणार हाय काय?"

"त्यांना कळायचंच असतं रे. नायतर कशाला करायचा?"

मी आवाज चढवला. चुलते बसले होते, तिचे सासरे बसले होते. मी म्हटलं, तुझ्या या चाँदाने बावांना आंब्यातून ओढून नेलं, आता मोहोरात आणलंस, उद्या चिखलात नेशील. मोहोराचा तो आंबूस वास अंगणभर होता, त्याने माझं डोकं आणखी फिरलं होतं. बुबूने तव्यावर भाकरी टाकली आणि शांतपणे म्हणाली, "सल्या, तुला बावा नाय आठवत. तुला हंगाम आठवतो."

बस. तेवढंच वाक्य. चुलत्यांपैकी कुणीतरी हसलं. मी उठून आलो, आणि ते वाक्य बरोबर घेऊन आलो. माणसं सोनं सांभाळतात तसं मी ते सांभाळलं. बाजारात कुणी मला फसवलं तर मी पुढच्या हंगामात वसूल करून विसरतो. हे विसरलो नाही, कारण ते कुठे वसूल करायचं ते कळेना. लग्नाकार्यात बुबू भेटायची, बोलायची, मीही बोलायचो. पण फातेहाला परत जयगडला गेलो नाही.

ती मात्र दरसाल डबा पाठवायची. जयगडहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायची. जुन्या ओढणीच्या तुकड्यात घट्ट बांधलेला. स्टँडवरून गडी आणायचा. मी गाठसुद्धा सोडली नाही कधी. "घेऊन जा, खा तिकडं सगळे," म्हणायचो, आणि डबा धुऊन परत जायचा. पावसाळ्यात आला, थंडीत आला. डबा आला की मला कळायचं, बावांची तारीख आज होती. मग मी त्या दिवशी कुणाशी तरी जास्तच कडक बोलायचो.

मधल्या वर्षांत तो फिरता चाँद माझ्या कामाचा झाला, हेही सांगायला हवं. रमजान पावसात आला तेव्हा मी खूश. बागेत काम नाही, मिरकरवाडा बंदरातल्या होड्या बंद, दिवसभर ढग, तहान लागत नाही. इफ्तारला बाहेर धो-धो पाऊस, आत कंदिलाखाली खजूर आणि गरम कांजी. रमजान थंडीत होता तेव्हा तर दिवस एवढासा. मला वाटायचं, हा व्यवहार बरा आहे. आणि तो पुन्हा उन्हाळ्याकडे, आंब्याकडे यायला लागला तेव्हा मी कुरकुर केली. म्हणजे बावांची तारीख सरकली तर मला राग, आणि माझे रोजे सोप्या दिवसांत सरकले तर ती अल्लाची मेहेरबानी. एकाच चाँदाला मी दोन दर लावत होतो. हे तेव्हा दिसलं नाही. दुसऱ्याच्या वजनातली खोट मला लांबून दिसते.

तेहेतीस वर्षं लागतात त्या चाँदाला सगळे ऋतू फिरून परत जाग्यावर यायला. गेल्या वर्षी तो आला. रमजानच्या मध्यावर बुबूचा फोन. आवाज थकलेला, डोळ्यांत मोतीबिंदू, पण बोलणं तेच.

"सल्या, बावांची तारीख यंदा आंब्यात येते."

"म्हायत हाय," मी म्हटलं. माहीत नव्हतं.

"मग यंदा तुझ्याकडं करूया. तू म्हणत होतास ना? मी येते तिकडं. माझ्यानंतर कुणीतरी धरायला पायजे ती तारीख."

मी बरं म्हटलं, तुटक. पण फोन ठेवला आणि मी जिंकलो होतो. शेवटी आली माझ्या दरावर, असं मनात म्हटलं. बायकोलाही तेच सांगितलं. मग मी भिंतीवरच्या छापील कॅलेंडरात शव्वालची चौदावी शोधली, मोबाईलला आठवण लावली, आणि त्या हिशोबाने निवडक फळं पेंढ्यात घातली. स्वतःच्या हाताने. सगळ्यांत मोठ्या कलमाची. बुबूला दाखवायचं होतं, बावांची तारीख कशी करतात ते.

रमजानची एकोणतीस झाली त्या संध्याकाळी मी वरच्या कातळावर होतो. तिथून समुद्र उघडा दिसतो. कॅलेंडरात रमजान तीसचा धरला होता, त्यामुळे कुणी फार आशेने बघत नव्हतं. सूर्य बुडाला, आणि त्याच्या जरा वर, नखाच्या कडेएवढा, मला दिसला. सगळ्यांत आधी मला. मी लहान पोरासारखा ओरडलो. पहिला फोन बुबूला केला.

"दिसला काय रे? तुला दिसला? तुझ्या तोंडात साखर पडो. मला काय दिसत नाय हिकडून."

ईद एक दिवस आधी आली. मी कातळावर उभ्या उभ्या सगळं बदललं. पॅकिंगच्या बायकांना उद्या सुट्टी, म्हणजे आजच रात्री त्यांच्याकडून काम उरकून घ्यायचं. ड्रायव्हर घरी जाणार, म्हणजे दुसरा बघायचा. दलालाला सांगितलं, माल परवाऐवजी तेरवा. पुण्याच्या गिऱ्हाइकाला वेगळी थाप मारली. त्या एका दिवसाने जे जे हललं ते सगळं मी हलवलं. काही सुटलं नाही. मला माझा अभिमान वाटला.

एकच गोष्ट मी हलवली नाही. चाँद एक दिवस आधी झाला की महिन्यातली प्रत्येक तारीख एक दिवस आधी येते. चौदावीसुद्धा. हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोराला कळतं.

दोन आठवड्यांनी, ऐन गाडी भरायच्या वेळी, शेडच्या दारात रिक्षा थांबली. बुबू उतरली. पांढरी ओढणी, हातात कापडात बांधलेलं काहीतरी, दुसऱ्या हाताने दाराची चौकट चाचपत. शेडमध्ये पेट्या माणसाच्या उंचीला लागलेल्या. मी फोनवर दलालाशी भांडत होतो, आणि तिला बघून भांडणाचाच सूर तिच्याकडे वळवला.

"बुबू, आज कशाला आलीस? उद्या हाय! हिकडं लोड चाललाय, दिसत नाय तुला?"

सगळे थांबले. दिसत नाय तुला, असं मी मोतीबिंदूच्या डोळ्यांना म्हटलं होतं.

"उद्या पंधरावी रे," ती म्हणाली.

"कॅलेंडरात बघ जा!"

"कॅलेंडर छापलं तेव्हा चाँद झाला होता काय? तूच फोन केलास ना मला, कातळावरनं?"

मी तिच्या खांद्यावरून बाहेर बघितलं. पूर्वेच्या डोंगरामागून चंद्र वर येत होता. चौदावीचा. गोल, तांबूस, पिकल्यासारखा. मी पहिल्यांदा पाहिलेलं ते नख, मधले सगळे दिवस माझ्या शेडवरून जाऊन एवढं झालं होतं. रोज गेलं होतं. फोनमधून दलाल विचारत होता, "शेठ, ठरलं का? शेठ?" मी फोन बंद केला. फार उशिरा केला.

घरी काही तयारी नव्हती. बायकोलाही मी उद्याचंच सांगितलं होतं. मी धावत आढीकडे गेलो. पेंढा उपसला. एकेक फळ दाबलं, देठाशी नाक नेलं. उद्याच्या हिशोबाने घातलेली, ती उद्याच होणार होती. बावांनी हेच सांगितलं असतं. आणि पेट्यांतून जातो तो तर सगळा कच्चा. अख्खी शेड आंब्याने भरलेली, आणि बावांच्या ताटात ठेवायला माझ्याकडे एक आंबा नव्हता.

"असू दे," बुबू म्हणाली. एक रिकामी पेटी उलटी करून घेतली, त्यावर ओढणीचं टोक पसरलं आणि कापडाची गाठ सोडली. आत आंबापोळी होती. गडद, तेलकट चमक असलेली, उन्हात वाळवून घडी घातलेली. "मी आणलीय. दरसाल असतेच."

"दरसाल?"

"मग? हंगाम नाय म्हणून बावांच्या ताटात आंबा नाय ठेवायचा? मोहोरात होती तारीख तेव्हा मोहोराचा तुरा ठेवला. पालवीत पालवी. पावसात नुसती ही."

मागून प्रेम बोलला. प्रेम माझा नेपाळी राखणदार, बरीच वर्षं माझ्याकडे आहे, आमच्यासारखीच मराठी बोलतो. "शेठ, बुबूच्या डब्यात येते ना ती. लय चांगली असते. कैरीचं लोणचं पण आलं होतं एकदा." तो खुशीने बोलला. त्याला वाटलं, मला माहीत आहे.

ज्या बाईवर मी आयुष्यभर राग धरला, की हिने बावांना आंब्यातून तोडलं, तिने एकही वर्ष ते तुटू दिलं नव्हतं. आणि ती ते माझ्या दारापर्यंत पोचवत होती, ओढणीत बांधून, एसटीने. मला फक्त गाठ सोडायची होती.

फातेहा उलट्या पेटीवर झाला. ऊद नव्हता, कुणीतरी अगरबत्ती आणली. मी पढायला लागलो आणि मध्येच अडलो. बुबूने पुढचा शब्द हळूच दिला, जसा लहानपणी द्यायची, बावांना ऐकू जाणार नाही असा. मग आंबापोळीचे तुकडे करून तिने स्वतः सगळ्यांना वाटले. माझ्या हातावर ठेवला तो मी तोंडात घातला. आंबट-गोड, चिवट, चावायला वेळ लागणारा. त्यात मीठ जरा जास्त होतं. तिचं मीठ नेहमी जास्त असतं, हे मी विसरलो होतो.

मी माफी मागितली नाही. सौद्यात मी कधी मागे आलो नाही, मागे कसं यायचं ते मला येत नाही. रिक्षापर्यंत तिला सोडायला गेलो तेव्हा एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षी मी येतो तिकडं."

"पुढच्या वर्षी अकरा दिवस अलीकडं येईल," ती म्हणाली. "मग परत मोहोराकडं चालली ती. तू घाबरू नको हां." आणि हसली.

त्या हसण्यावर मी वर्ष काढलं. चाँद आता पुढची फेरी मारून आंब्यात परत येईल तेव्हा बुबू नसेल आणि मीही नसेन. म्हणजे बावांच्या ताटात मोहोर, पालवी, आंबापोळी ठेवायची पाळी माझी. मला आंबापोळी घालता येत नाही. व्यापारी माणूस मी, रस उन्हात किती दिवस ठेवतात तेही बायकोला विचारावं लागलं.

यंदाची चौदावी मी चाँद बघून धरली, भिंत बघून नाही. हंगाम नुकता सुरू होतोय. पहिल्या आढीतली फळं घेऊन मी जयगडला गेलो, दुपारचाच. खाडीच्या तोंडाशी मोठी जहाजं उभी होती, रस्ता सगळा बदललेला, घराचं वळण मला विचारावं लागलं. बुबूने माझा आवाज ओळखला. मग सुनेला म्हणाली, "सल्या आलाय गो." ताटात तिने आंबा ठेवला, आणि शेजारी आपली आंबापोळीही ठेवली. माझ्यावर विसंबून राहायचं नाही असं काही नव्हतं त्यात. सवय.

फातेहा झाला. आतल्या खोलीत जेवणासाठी दस्तरखान घातला जात होता, पोरं ताटं नेत होती. मी उठलो तर बुबूने दाराकडे बोट केलं. उंबऱ्याशी ओढणीच्या तुकड्यात बांधलेला डबा ठेवला होता.

"तुझा डबा बांधलाय बघ आधीच. नीघ तू. गाड्या भरायच्या असतील, तुझा हंगाम हाय."

तिच्या आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला मला उत्तर देता येतं. पण ती काळजीने बोलत होती. मी थांबणार नाही हे त्या घरात सगळ्यांनी इतकं धरून चाललं होतं की आत माझ्यासाठी ताटच मांडलेलं नव्हतं.

मी डबा उचलला. आत गेलो आणि पोरांच्या रांगेत शेवटी, भिंतीला पाठ लावून खाली बसलो. बुबूची एक नात सरकली, मला जागा झाली. डबा मांडीवर घेतला आणि गाठ सोडायला लागलो. बुबूची गाठ फार घट्ट असते. बोटं जाड झालीत माझी. सगळे जेवायचे थांबून माझ्याकडे बघत होते, आणि ती सुटत नव्हती.